मामांच्या मुखवट्याविषयी थोडंसं

निंदिरी, बुधवार

आदरणीय ओर्तेन्सियामावशी,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार, आणि मग तुम्हाला. क्रम चुकला असेल तर क्षमा असावी. पण गेल्या पत्रात तुम्ही स्वतःविषयी दोन ओळी आणि गुडघ्यांविषयी दोन पानं लिहिली होतीत, त्यावरून सध्या घरात मान कोणाला आहे ते माझ्या लक्षात आलं. डावा गुडघा पावसाच्या आधी दुखतो की नंतर, हे मामांनी विचारलं आहे (आधी दुखत असेल तर चोळायचं औषध, नंतर दुखत असेल तर पोटात घ्यायचं). उजव्याविषयी त्यांनी काही विचारलं नाही, म्हणजे तो ठीक असावा. तुमचा पोपट पुन्हा बोलू लागला का? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. मामा नीट जेवत नाहीत, दुकान सोमवारपासून बंद आहे आणि मला झोप लागत नाही. बाकी सगळे खुशाल.

फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन दुकानात आहे आणि दुकानात मामा आहेत. दार बंद असलं तरी ते आतच बसतात, दिवा न लावता, खोकल्याच्या औषधांच्या बाजूला, आणि मी फोनला हात लावला की ते बरण्या पुसायला येतात. म्हणून हे पत्र लेओनच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देतो आहे. तो ते तुमच्या गल्लीतल्या बेकरीत ठेवील. (पाकीट उघडलेलं दिसलं तर तो ड्रायव्हर समजावा. बेकरीवालीला वाचायचा कंटाळा आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात.) आणि एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो: मला तुमच्याकडून काहीही नको आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला माहिती असावी, एवढाच हेतू.

सान हेरोनिमोच्या सणाला शेजारच्या मसायात काय झालं, ते तुमच्यापर्यंत कोणत्या रूपात पोचलं असेल कोण जाणे, म्हणून घडलं तसं लिहितो. संताची पालखी ज्या वळणावरून जाते तिथे टेबल मांडून आपलं ताकदीचं टॉनिक विकायचं, ही कल्पना मामांची. मी एवढंच म्हणालो होतो, की ज्या संताला सगळं मसाया 'औषधाविना बरं करणारा डॉक्टर' म्हणतं, त्याच्याच वाटेत औषधाचं टेबल मांडावं की नाही, याचा एकदा विचार व्हावा. मामा म्हणाले, संत मोठ्या मनाचे असतात. संत असतीलही, पण पालखी उचलणारे सकाळपासून मक्याची आंबवलेली चिचा पीत असतात. पालखी पुढे-मागे नाचवत ते वळणावर आले, आणि त्यांचं मागे येणं थेट आमच्या टेबलात झालं. सगळ्या बाटल्या रस्त्यावर. कोणीतरी म्हणालं, डॉक्टरनं दुकान बंद केलं, आणि रस्ताभर लोक हसले. मामा हात उंचावून पालखीमागे धावले आणि नुकसानभरपाई मागू लागले. कोणाकडे मागत होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण नजर संताकडे होती. इकडे एका पिवळ्या कुत्र्याने सांडलेलं टॉनिक चाटून रस्ता स्वच्छ केला आणि तो देवळाच्या दारात असा आडवा झोपला की संध्याकाळच्या घंटेलाही उठला नाही. पाद्रीबाबांना त्याच्यावरून ढांग टाकून आत जावं लागलं. (टॉनिक ताकदीचं आहे, झोपेचं नाही. बाटल्यांवर तसं मीच लिहितो.)

त्या दिवसापासून मामांनी मनाशी पक्कं धरलं, की यंदाच्या तोरोवेनादोच्या मिरवणुकीत आपला मुखवटा निघणार. तुम्हाला मसायाची माणसं ठाऊकच आहेत. वर्षभर जो कोणी आपटतो, फसतो, मिरवतो किंवा नको तिथे तोंड घालतो, त्याचं सोंग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बँडच्या मागे नाचत निघतं, आणि पुढे वर्षभर त्या माणसाला लोक खऱ्या नावाने हाक मारत नाहीत. मामा म्हणाले, माझं तोंड रस्त्यावर निघालं तर मी दुकान विकीन आणि लेओनला ओर्तेन्सियाकडे जाऊन राहीन. मागची खोली रिकामीच आहे, पोपट पुढे ठेवता येईल.

मावशी, हे वाचून तुम्ही क्षणभर थांबला असाल. मीही थांबलो होतो. मागे मामा तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा त्यांनी तुमच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले होते, आणि साखर, मीठ व मुंग्यांची पावडर एकाच उंचीच्या डब्यांत निघाली होती, हे आई सांगायची. माझ्यापुरतं म्हणाल, तर दुकान गेलं की मी गेलो. बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहिणं, त्या सरळ चिकटवणं आणि मामांचं अक्षर वाचणं, एवढ्या तीनच गोष्टी मला येतात, आणि तिसरीला दुसऱ्या कोणत्याही दुकानात मागणी नाही.

तर मामांनी मला मसायाच्या मोनिम्बो वस्तीत पाठवलं. हुकूम असा, की मुखवटे करणाऱ्यांच्या अंगणांत जाऊन आपला चेहरा कुठे वाळतो आहे का ते बघायचं. विचारायचं नाही, नाव काढायचं नाही, फक्त बघायचं. मी बसमध्ये विचार करून ठरवलं, की आपण झुला विकत घ्यायला आलो आहोत असं दाखवावं. मोनिम्बोत झुला घ्यायला आलेल्या माणसाचा कोणाला संशय येत नाही. पण या युक्तीत एक दोष होता, तो मला तिथे गेल्यावर कळला. झुला दाखवतात म्हणजे त्यात झोपवतात. आणि झुल्यात झोपलेल्या माणसाला घराची कौलं दिसतात, शेजारच्या अंगणातले मुखवटे दिसत नाहीत. मी तीन-चार घरांतली कौलं फार बारकाईने पाहिली. शेवटच्या घरी मान उंच करून भिंतीपलीकडे बघायचा प्रयत्न केला, तर झुला उलटा झाला आणि मी खाली. तिथल्या आजी सूत विणता विणता म्हणाल्या, की ज्याला झुला हवा असतो तो झोपतो आणि ज्याला मुखवटे बघायचे असतात तो पडतो. मुखवटेवाला कासिमिरो पलीकडच्या घरी राहतो, दारातून जा, भिंतीवरून नको.

कासिमिरोमास्तरांचं अंगण म्हणजे, मावशी, अर्धं मसाया तिथे काठ्यांवर वाळत होतं. मास्तर मातीच्या साच्यावर युका कंदाच्या खळीत भिजवलेला कागद बसवत होते आणि त्यांच्या बायको एर्मेलिंडाकाकू वाळलेल्यांना ओठ रंगवत होत्या. मी मुकाट्याने एकेका चेहऱ्यापुढे उभा राहिलो (विजेचं बिल वाटणारा, नळाचा इन्स्पेक्टर, दोन नवरीबाया, त्यांतली एक मिशीवाली). एका जाड मिशीपाशी मला वाटलं हे मामाच, पण ते मसायातले अबेलार्दो औषधवाले निघाले. तेवढ्यात एक पाववाले आत आले. त्यांची तक्रार अशी, की गेल्या वर्षी आपण होतो, यंदा का नाही? काकूंनी ब्रश न थांबवता त्यांना सांगितलं, की यंदा तुमचा पाव बरा आहे, जरा लहान करा, मग पुढच्या वर्षी बघू. पाववाले मान हलवत गेले. माझी खात्री आहे की ते लहान करतील.

सगळे चेहरे पाहून झाले आणि मामा कुठेच नव्हते. इथे मी निघायला हवं होतं. पण मला शंका आली, की एखादा मुखवटा आत घरात असला तर? अर्धवट पाहून सगळं पाहिलं असं सांगणं माझ्याने होत नाही. म्हणून मामांचं नाव न काढता मी विचारलं, की निंदिरीच्या औषधवाल्यांचा यंदा काही बेत आहे का. मास्तरांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी मास्तरांकडे. निंदिरीत औषधाचं दुकान आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. मग मला टेबलाची हकीकत सांगावी लागली, आणि टेबल म्हणताच दोघांचे चेहरे फुलले. त्यांना बाटल्या आठवत होत्या, मागे आलेली पालखी आठवत होती, पाद्रीबाबांची ढांग तर काकूंनी करून दाखवली. "आणि कुत्रा," मास्तर म्हणाले, "त्याला कोण विसरेल? ये, दाखवतो." त्यांनी आतून मुखवटा आणला. पिवळा कुत्रा, डोळे मिटलेले, जीभ बाहेर. यंदाच्या मिरवणुकीतलं सगळ्यात मोठं सोंग.

मी विचारलं, आणि टेबलामागचा माणूस?

"होता खरा कोणीतरी," काकू म्हणाल्या. "ओरडत होता."

परतीच्या बसमध्ये मी फार आनंदात होतो, मावशी. आता वाटतं, तो आनंद मी बसमध्येच सोडून उतरायला हवं होतं. मामांनी बातमी ऐकली, छातीवर क्रूस केला, आणि कोपऱ्यावरच्या बाईकडून केळीच्या पानात बांधलेला गरम नाकातामाल मागवला. पहिला घास होईपर्यंत सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या घासाला त्यांनी सहज विचारलं, मग यंदा आहे कोण कोण? मी सांगितलं. अबेलार्दोंचं नाव आलं तेव्हा मामा थांबले. अबेलार्दोचा काढतात? मी म्हणालो, दर वर्षी काढतात. मामा म्हणाले, दर वर्षी? मग ते केळीच्या पानाची कड दुमडू लागले. शेवटी म्हणाले, म्हणजे आपल्या त्या टेबलाचं कोणी काहीच केलं नाही? इथे मी नाही म्हणालो असतो तर आज तुम्हाला हे पत्र आलं नसतं. पण प्रश्न नेमका होता आणि उत्तर मला माहीत होतं.

"कुत्र्याचं केलं आहे, मामा."

"कुत्र्याचं."

"झोपलेल्या कुत्र्याचं. जीभ फार छान आली आहे."

मामांनी पान पुन्हा घडी करून नाकातामालवर झाकलं. मग जे बोलले ते मी शब्द न बदलता लिहितो, म्हणजे वडीलधाऱ्यांना विषयाचं गांभीर्य कळेल: "या दोन गावांचे जुलाब मी थांबवले, एलादिओ. लग्नाच्या आदल्या दिवशीचे, निवडणुकीच्या दिवशीचे, सगळे. अबेलार्दो साध्या खोकल्याच्या गोळीची चिठ्ठी उलटी वाचतो, त्याचं तोंड दर वर्षी निघतं. आणि मी टेबलामागचा कोणीतरी." दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. आता ते म्हणतात, मी लेओनला ओर्तेन्सियाकडे जातो, तिथे निदान माणसाला माणूस म्हणून ओळखतात. सुटकेस खाली काढली आहे. थोडक्यात, मावशी, मुखवटा निघाला असता तर मामा तुमच्याकडे येणार होते, आणि निघत नाही म्हणूनही तुमच्याकडेच येणार आहेत. मी दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलं. तिसरी बाजू सापडली नाही.

म्हणून काल मी पुन्हा मोनिम्बोला गेलो, या वेळी झुल्याशिवाय, आणि मास्तरांना स्पष्टच विचारलं, की मामांचा एक मुखवटा करता का. मास्तरांनी खळीचं भांडं खाली ठेवलं. ते रागावले नाहीत, पण सांगताना त्यांनी मला बसायला दिलं, त्यावरून उत्तर नाही हे मी ओळखलं. त्यांच्याकडे असे बरेच येतात म्हणे. शेजारच्या एका गावच्या मेयरसाहेबांनी तर भाषणाच्या पोझमध्ये करा असा निरोप धाडला होता. "हे बघ पोरा, फोटो काढून घ्यायचा असेल तर पार्कात फोटोवाला बसतो," मास्तर म्हणाले. "इथं लोकांना ज्याचं हसू येतं त्याचं तोंड निघतं. तुझ्या मामांचं त्यांना हसू आलं नाही. त्याला मी काय करू?"

मी उठलो नाही. (उठून काय सांगणार होतो?) मी म्हणालो, की हसू येण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त लोकांना माहीत नाही. आणि मग, मावशी, मी मामांविषयी सांगू लागलो. ते थर्मामीटर स्वतःच्या तोंडात धरून आधी खात्री करून घेतात. डासांनी ऐकू नये म्हणून डासांच्या औषधाविषयी हळू आवाजात बोलतात. गिऱ्हाइकाने दुखणं सांगितलं की स्वतः तोच अवयव चोळतात, त्यामुळे बाळंतिणी येतात त्या दिवशी दुकानात उभं राहवत नाही. मास्तर ऐकत होते, पण ते फक्त मिशीत हसले. काकू मात्र ब्रश टाकून बसल्या. शेवटी त्याच म्हणाल्या, की कुत्रा नुसता झोपलेला कसा मिरवणार? त्याला मधेमधे उठून पळावं लागेल. आणि कुत्रा पळाला की मागे कोणीतरी बाटली घेऊन ओरडत पळायलाच हवं. "कासिमिरो, माणसासाठी करू नकोस. कुत्र्यासाठी कर." मास्तरांनी कुत्र्याकडे पाहिलं आणि माती मळायला घेतली.

असं मामांचं ठरलं. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. अडचण इतकीच उरली, की मामांचा चेहरा तिथे कोणालाच आठवेना, आणि तो मला तोंडी सांगावा लागला. मी काळजीपूर्वक सांगितला: कपाळ असं, भुवया अशा, नाक वरून सरळ आणि शेवटी मत बदलल्यासारखं. मास्तरांनी मातीत केलं तेव्हा सान हेरोनिमो तयार झाले. पुन्हा केलं, तेव्हा पाववाले झाले. आणि मुखवट्याच्या आत कोण, याचंही ठरलं आहे. दुसरं कोणी तयार नाही, म्हणून मीच. मला नाचता येत नाही, पण मामांसारखं ओरडता येतं, रोज ऐकतो. परसात सराव चालू आहे. शेजारी समजतात मलाच काहीतरी झालं आहे, आणि मामांनी मला एक चमचा टॉनिक दिलं. (झोप आली. बाटलीवरची चिठ्ठी बदलावी की काय, विचार करतो आहे.)

तर मावशी, परिस्थिती ही अशी आहे. माझी काळजी करू नये. पोपटाला माझी आठवण सांगावी. गुडघे उन्हात ठेवावेत, पण तुम्ही सावलीत बसावं.

तुमचा, उत्तर येईपर्यंत नखं कुरतडणारा भाचा,
एलादिओ

ता. क. पाकीट बंद करताना सुचलं. काही नको असं वर लिहिलं आहे आणि ते खरंच आहे. हे मागणं नव्हे. पण तुमच्या बैठकीच्या खोलीत काकांच्या वर्षश्राद्धाचा जो मोठा फोटो आहे, त्यात डावीकडून तिसरे मामा एका बाजूने दिसतात. मास्तरांना नाक बाजूनेच हवं आहे. फोटो काचेसकट ड्रायव्हरजवळ दिलात तर मी काचेसकट परत करीन.

ता. क. दुसरा, गुरुवार. ड्रायव्हरच्या मेव्हणीचं लग्न होतं, म्हणून काल बस आली नाही. फोटो राहू द्या. आज मोनिम्बोला गेलो, तर काकू म्हणाल्या की काल दुपारी एक गृहस्थ आले होते. काळा चष्मा, हॅट, आणि बरोबर काही सामान नाही, म्हणजे मानाग्वाहून औषधांचा माल आणतो असं मला सांगून काल घरून निघालेले मामा दिसत होते अगदी तसे. (मोनिम्बोतली बातमी निंदिरीला बसच्या आधी पोचते, हे मी विसरलो होतो.) ते दारातच उभे राहून म्हणाले, की इथे एका प्रतिष्ठित औषधवाल्याची थट्टा चालली आहे असं कानावर आलं आहे. माझा याला तीव्र विरोध आहे. मी त्या गृहस्थांना ओळखत नाही. पण करणारच असाल तर निदान नाक तरी नीट करा. एवढं बोलून त्यांनी खिशातून फोटो काढून खळीच्या भांड्याशेजारी ठेवला आणि विरोध करत निघून गेले. मामा आज सकाळी पोटभर जेवले. सुटकेस पुन्हा कपाटावर गेली आहे. दुकान उघडं आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. खरं सांगायचं तर वरचं सगळं यासाठीच लिहिलं. तो फोटो मामांच्या लग्नातला आहे. मास्तर एकदा हातात फोटो आला की त्यातली एक रेघही इकडची तिकडे करत नाहीत, त्यामुळे मुखवटा झाला आहे तो डोक्यावर भरगच्च कुरळे केस असलेल्या, गालांना खळ्या पडणाऱ्या तरुणाचा. फार देखणा झाला आहे. मी तो घालून कुत्र्यामागे दिवसभर ओरडलो तरी मसायात एकही माणूस मामांना ओळखणार नाही, आणि मग पुन्हा ते टेबलामागचे कोणीतरी होतील, आणि सुटकेस खाली येईल. त्यांना तशा केसांत ओळखणारं माणूस आता एकच उरलं आहे. तेव्हा मावशी, गुडघे दुखत असले तरी येत्या महिनाअखेरच्या रविवारी मसायाला या. मी मामांना बजावलं आहे की त्या दिवशी तिकडे फिरकू नका, उगाच मनाला लागेल. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, आणि मग मला कळलं की त्यांनी बाजाराच्या कडेला, सावलीच्या बाजूने, दोन खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत. दुसरी तुमचीच असणार. मी समोरून जाईन तेव्हा आधी चारचौघांना ऐकू जाईल असं त्यांचं पूर्ण नाव घ्या, मग हसा. मामा तुमच्याकडे वळून बघतील तेव्हा लगेच हसू आवरून एवढंच म्हणा, "शोभतं का या लोकांना, फिलादेल्फो?" पुढचं ते बघून घेतील. आज सकाळपासून ते आरशासमोर रागावण्याचा सराव करत आहेत.